मिशीतून जाणारी हवा

आम्ही वडिलांना भाऊ म्हणत असू. भाऊ घोरत, आणि असोद्यातल्या आमच्या गल्लीत हे कोणाला सांगावं लागत नसे. उन्हाळ्यात सगळे बाहेर खाटा टाकत. एखाद्याकडे आलेला पाहुणा दचकून उठून बसला की घरमालक कूस न बदलता सांगे, "झोपा हो. इंजिन हाये ते. वावरात पानी चालू हाये त्याहीचं." सकाळी भाऊ तोंड धुवायला बाहेर आले की कोणीतरी विचारणारच, "काय भाऊ, किती एकर भिजलं?" भाऊ हसत. घोरणारा माणूस म्हणजे सुखी माणूस, दिवसभर राबलेला, मनात काही न ठेवणारा, अशी आमच्याकडची समजूत. न घोरणाऱ्याकडे लोक जरा संशयानंच पाहत.

माय मात्र हसत नसे. ती म्हणायची, "घोरतात त्याचं काही नही रे. थांबतात त्याचं भेव वाटते."

आवाज चढत चढत जायचा आणि एकदम बंद व्हायचा. श्वासही बंद. माय हात लांब करून त्यांचा दंड हलवायची. पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसे भाऊ मोठ्यानं श्वास ओढत, आणि पुन्हा सुरू. हे ती किती वर्षं करत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी थांबली की जाग येते, तसं तिचं झालं होतं. शांत झालं की ती जागी. म्हणजे झोप दोघांचीही होत नव्हती. एकाला ते माहीत नव्हतं, एवढाच फरक.

भाऊंना दिवसा पेंग येई. जेवता जेवता घास हातात राही. जळगावच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत ते भिंतीला टेकून घोरू लागत आणि नर्स बाहेर येऊन पाही. लोक म्हणत, वय झालं. वय कसलं? साठी अजून यायची होती. घरात त्यांच्याहून म्हातारे त्यांचे वडील, आमचे आबा, ऐंशीच्या पुढचे, ओट्यावर ताठ बसलेले असत. आबांची नजर गेली होती, पण पेंग म्हणून कधी नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., भौतिकशास्त्र. हे मी जिथे सांगता येईल तिथे सांगतो, म्हणून इथेही सांगितलं. आबांचा अंगठा, भाऊंची चौथी, आणि मी बी.एस्सी. एवढं अंतर एका घरानं चालून आल्यावर ते बोलून दाखवायला लाजायचं कशाला? त्या वेळी मी धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती.

एका दुपारी भाऊ वावरातून मोटारसायकलवर घरी येत होते. वळण आलं, रस्ता वळला, भाऊ वळले नाहीत. सरळ केळीच्या बागेत गेले. गळपट्टीचं हाड मोडलं. भाऊंनी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. पण बागेत खत देणाऱ्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "कुत्रं-बित्रं काही नही व्हतं. डोये मिटलेले व्हते त्याहीचे."

मी मोटारसायकलची किल्ली काढून घेतली आणि धुळ्याला नेली. केळीवाल्या माणसाची मोटारसायकल म्हणजे त्याचे पाय. सकाळी वावर, दुपारी जळगाव, मध्येच नशिराबादला पाहुण्यांकडे. ते सगळं बंद झालं. दुसऱ्याच्या मागे बसून आपलं वावर पाहायला जाणं त्यांना किती लागत होतं, ते त्यांच्या न बोलण्यावरूनच कळायचं.

जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे भाऊंना रात्रभर अंगाला तारा लावून झोपवलं. सकाळी डॉक्टरांनी समजावलं, झोपेत घशाची नळी ढिली पडून मिटते आणि श्वास अडतो. मशीनमधून नाकात सतत हवा सोडायची. त्या हवेच्या दाबानं नळी उघडी राहते.

भाऊ लगेच म्हणाले, "म्हंजे ठिबकच्या नयीसारखंच. आत दाब नसला की चपटी होते."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. दाब दहा ठेवायचा. दहा सेंटीमीटर पाण्याचा. कमी नाही, जास्त नाही."

"अन गाडी?" भाऊंनी विचारलं.

"दिवसाची पेंग पूर्ण गेली की चालवा. त्याआधी हात लावायचा नाही."

मशीन लावून देणाऱ्या माणसानं पाठीवरचं रबरी बूच काढून मला आतला स्क्रू दाखवला. उजवीकडे फिरवला की दाब वाढतो, डावीकडे कमी होतो. मग त्यानं भाऊंच्या नाकावर मऊ पारदर्शक मास्क बसवला, डोक्यामागून पट्टे ओढले आणि थोडा थांबला. भाऊंची मिशी चांगली जाड, दोन्हीकडे ओठांवरून खाली उतरलेली. तो म्हणाला, "काका, ही काढून टाका. मास्क नीट टेकत नाही. बाजूनं हवा जाणार."

"नही जमत," भाऊ म्हणाले.

त्याला वाटलं, म्हाताऱ्याला मिशीचा शौक आहे. त्याला कोण सांगत बसणार? आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला की काढतात, दहाव्याला, न्हाव्याच्या हातून. मिशी नसलेला माणूस गावात दिसला की लोक काय झालं ते विचारत नाहीत. त्यांना कळतं. आणि आबा तर ओट्यावर बसलेले होते.

मशीन घरी आलं. पहिले काही दिवस गल्लीतले लोक पाहायला येत. भाऊ मास्क लावून दाखवत आणि कोणीतरी म्हणे, "विमान चालवतो का काय भाऊ?" मग हौस संपली आणि त्रास सुरू झाला. हवा मिशीच्या कडेनं फुसफुसत वर डोळ्यांत जायची. सकाळी डोळे लाल. घोरणं कमी झालं, पण थांबलं नव्हतं. दुपारी पेंग होतीच.

मी शिकलेला माणूस. अंदाजावर बोलणं मला पटत नाही. गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, ती दोन हात आणली, फळीवर इंग्रजी 'यू'सारखी वाकवून ठोकली आणि मधे पट्टी लावली. शाळेच्या प्रयोगशाळेतून चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट आणून पाणी जांभळं केलं, म्हणजे पातळी नीट दिसेल. मास्कला बाजूला एक बारीक तोंड असतं, त्यावर टोपण असतं. ते काढून तिथे नळीचं एक टोक लावलं. आतल्या हवेनं एका बाजूचं पाणी खाली दाबलं जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. दोन्हींतलं अंतर म्हणजे दाब. मी आठवीच्या वर्गाला हेच शिकवतो.

मास्क तळहातावर घट्ट दाबून धरला तर अंतर दहा. भाऊंच्या चेहऱ्यावर लावला तर सहा, कधी सात. मशीन बरोबर होतं. दाब वाटेत जात होता.

मी जळगावच्या एसटीडी बूथवरून मुंबईला फोन केला. डॉक्टर म्हणाले, गळती थांबवा. मी मिशीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग काढा की." मी बरं म्हणून फोन ठेवला. काचेबाहेर रांगेत उभा असलेला माणूस काच वाजवत होता.

तिथून माझे शनिवार सुरू झाले. शाळा सकाळची असे. सुटली की धुळ्याहून बस, पारोळा, एरंडोल, जळगाव. जळगावहून असोदा, मिळेल त्यानं. पिशवीत ती फळी. कंडक्टर विचारी, "मास्तर, काय हाये हे?" मी सांगे, वजनकाटा. खरं सांगायला घेतलं की अर्धी बस ऐकू लागायची आणि प्रत्येकाचा कोणीतरी मामा घोरणारा निघायचा. घरमालकीण अक्का धुळ्याची, अहिराणी बोलायची. दर शनिवारी मी कुलूप लावताना ती म्हणे, "मास्तर, बठ्ठा गाव झोपस, तुमना बाप कसा झोपत नही? अन तुमनी झोपनं काय?" सगळा गाव झोपतो, तुमचीच झोप कशी उडाली, एवढंच तिचं म्हणणं. बसमध्ये मी झोपत असे, तीच झोप.

दुपार कलताना घरी पोचायचं. भाऊ खाटेवर आडवे झालेले असत. मास्क लावायचा, नळी जोडायची, मशीन चालू करायचं. आणि दर शनिवारी तळहातावर अंतर दहा भरायचं नाही. बारा भरायचं. पुढच्या वेळी चौदा.

"भाऊ, स्क्रू कोणी फिरवला?"

"मी."

"कशाला?"

"पोचत नही म्हनून."

"डॉक्टरांनी दहा सांगितलाय."

"डाक्टरनं सांगला मशीनचा. शेवटच्या झाडाले पानी नही पोचलं तं वाल उघडा लागते ना? का मोटरीजवळ उभं राहून म्हनायचं, इथी तं दाब बरोबर हाये?"

मी स्क्रू मागे फिरवून दहावर आणत असे. आठवड्यात ते पुढे फिरवत. दाब वाढला की गळती आणखी वाढायची, मास्क चेहऱ्यावर फडफडायचा, हवा पोटात जायची. पोट ढोलासारखं फुगायचं. माय सांगायची, "रातभर ढेकर देतात. आधी घोरायचे, आता ढेकर. मले काय, दोन्ही ऐकाले लागते." तिनं ते हसत सांगितलं, पण तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायचं. मशीनच्या आवाजात श्वास थांबला तर ऐकू येणार नाही, या धास्तीनं ती आता हात त्यांच्या छातीवर ठेवून पडायची.

गळतीवर भाऊंनी आपले उपाय केले. सायकलची जुनी ट्यूब कापून मास्कच्या कडेला बसवली. तिचा रबरी वास रात्रभर नाकात गेला आणि सकाळी त्यांना ओकारी झाली. मग मिशीला खोबरेल तेल लावून चपटी बसवायचं ठरलं. त्यानं मास्क घसरून कपाळाकडे सरकू लागला. एकदा तर कणीक लावून पाहिली. माय म्हणाली, "वाळल्यावर पोया करू का?" भाऊ स्वतः हसले. त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहिलं आणि मला हायसं वाटलं, पण ते हसणंही लवकर थकलं.

एका शनिवारी माझा तोल सुटला. बस वाटेत बंद पडली होती, मी उन्हात उभा राहून आलो होतो, आणि पाणी सोळावर होतं.

"भाऊ, ठिबकमध्ये शेवटच्या झाडाला पाणी कमी पडलं तर तुम्ही आधी काय करता? वाल उघडता? नाही. तुम्ही नळीबरोबर चालत जाता. उंदरानं कुठे कुरतडलं ते पाहता. मी लहानपणापासून बघतोय. गळती असताना तुम्ही कधी दाब वाढवला नाही. उलट दुसऱ्या कोणी वाढवला तर शिव्या देता."

भाऊंनी मास्क काढला. मास्कच्या कडेचा वळ गालावर उमटलेला होता. तो त्यांनी हातानं चोळला. मग म्हणाले, "गयते कुठी ते मले माहीत नही का?"

बोट त्यांनी मिशीवर ठेवलं नाही. ठेवायची गरज नव्हती. दिसत असून बुजवता येत नाही असं ते भोक होतं, म्हणून माणूस मागून दाब वाढवत होता.

माय दारातून म्हणाली, "मी तं म्हनते काढा. आबाहीले दिसतं कुठी? काढा अन चूप राहा."

"ते हात फिरवतात," भाऊ म्हणाले.

ते खरं होतं. आबांची नजर गेल्यापासून ते संध्याकाळी भाऊंना जवळ बोलवत आणि तोंडावरून हात फिरवत. कपाळ, गाल, मिशी, हनुवटी. वावर पाहून आलेल्या मुलाला पाहायची ती त्यांची रीत होती. ती झाल्याशिवाय ते जेवत नसत.

"मग त्यांना विचारू," मी म्हणालो.

"विचारायचं नही."

"मी विचारतो."

"तू विचारू नको म्हनतो ना."

मी विचारलं. मी आडवळणानं बोलणारा माणूस नाही, आणि खरं सांगायचं तर मी दमलो होतो. ओट्यावर आबांशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. मशीन काय करतं, हवा कुठून जाते, मिशी गेली तर दाब बरोबर राहील, पेंग जाईल, गाडी परत मिळेल, आणि नाही गेली तर एक दिवस झोपेतला श्वास परत यायचा नाही. आबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं?"

"हो."

"तू शिकला ना लय? मग माह्या ठिकानी बसून पाह्य. मी काढ म्हनलं, तं माह्या तोंडानं माही मौत मांगली. नको म्हनलं, तं पोराचा जीव घेतला. कोनतं म्हनू?"

मी त्यांच्या काठीकडे पाहत राहिलो.

"म्हनून मले विचारायचं नही," आबा म्हणाले. "ते त्याले समजते. तुले नही समजलं." आणि काठी बाजूला ठेवून त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला, रागावले नाहीत हे कळावं म्हणून.

आत भाऊंना सगळं ऐकू गेलं होतं. त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे आबांपुढे जाऊन बसले. आबांचा हात कपाळावरून खाली आला, गालावर आला आणि तिथे थांबला. मिशीपर्यंत न जाता परत गेला. भाऊंनी तो हात धरला आणि स्वतःच आपल्या मिशीवर ठेवला. त्यानंतर मी तो विषय घरात काढला नाही.

मग दुसरा मार्ग काही नव्हता. मिशीच्या कडा थोड्या बारीक केल्या. पट्टे आवळले, इतके की नाकावर जखम झाली. डॉक्टरांना विचारून दाब अकरावर ठेवला, त्याच्या पुढे जायचं नाही असं ठरलं. भाऊंनी ते पाळलं. मीही फळी घेऊन येत राहिलो. पाणी आठवर यायचं, कधी साडेआठवर. ना पूर्ण झोप, ना पूर्ण जागेपणा. घरातलं सगळंच तसं अर्धवट चाललं होतं. वीज गेली की मशीन बंद पडायचं आणि माय पुन्हा दंड हलवायला लागायची. किल्ली माझ्या धुळ्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. केस विंचरायला आरशापुढे उभा राहिलो की ती दिसायची.

त्या काळात मनात एक विचार यायचा, तो मी तेव्हा कोणाला सांगितला नाही, पण लिहायला हरकत नाही. घरातल्या सगळ्यांनाच तो येत असणार. आबांच्या प्रकृतीची चौकशी करताना आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नसू.

आबा पुढच्या हिवाळ्यात गेले. काही आजार नाही. सकाळी चहा घेतला, ऊन आलं का विचारलं, आणि भिंतीला टेकले ते टेकलेलेच.

दहाव्याला गावाबाहेर नाल्याकाठी न्हाव्यानं भाऊंची मिशी काढली. मी शेजारी बसलो होतो. माझा बाप जिवंत, म्हणून माझी राहिली. भाऊंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. वरचा ओठ पांढरा, उन्हाला अनोळखी, लहान मुलाचा असावा तसा. न्हाव्यानं पाणी लावून पुसलं आणि म्हणाला, "झालं भाऊ." भाऊ तरी बसूनच राहिले.

घरी माणसं भरलेली होती. जामनेरकडचे पाहुणे आले होते, पंगती उठत होत्या. दुपारी भाऊ आतल्या खोलीत गेले आणि आडवे झाले. दहा दिवसांत कोणीच धड झोपलं नव्हतं. मायनं काही न विचारता मास्क आणून लावला, पट्टे ओढले, बटण दाबलं.

फुसफुस झाली नाही.

माझी फळी कोपऱ्यात होती. अशा दिवशी ती काढावी का, हे मला कळेना. पण हाताला सवय लागलेली होती. स्क्रू आधी दहावर आणला. नळी जोडली. जांभळं पाणी एका बाजूला खाली गेलं, दुसऱ्या बाजूला वर चढलं आणि दहावर उभं राहिलं. श्वासाबरोबर किंचित हलायचं, पुन्हा तिथेच. मायला आकडे कळत नसत, पण ती पाण्याकडे पाहत होती. मग तिनं भाऊंच्या छातीवर ठेवलेला हात हळूच काढून घेतला आणि तिथेच भिंतीला टेकून ती झोपली. आधी ती झोपली, हे मला चांगलं आठवतं.

बाहेर भेटायला लोक येत होते. मी सांगत होतो, झोपलेत. दूरची एक काकी मोठ्यानं म्हणाली, "बाप जाऊन दहा दिवस नही झाले अन झोप लागली याले?"

माय जागी झाली होती. आतूनच म्हणाली, "लागली वं बाई. लागू दे."

भाऊ दिवे लागायच्या वेळेला उठले. मास्क काढून खाटेवर बसले. डोळे लाल नव्हते. पुरता जागा झालेला माणूस कसा दिसतो ते मी त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा पाहिलं, आणि ते पाहून बरं वाटायच्या आत तो चेहरा बदलला. त्यांचा हात ओठावर गेला.

"मले झोप लागली," ते म्हणाले. "आबा गेले अन मले झोप लागली."

मी पाणी आणून दिलं. दुसरं काय देणार?

पुढे पेंग हळूहळू गेली. आधी जेवतानाची, मग दुपारची. मी शनिवारी येणं कमी केलं. फळी काढली तरी पाणी दहावरच असे. मिशी मात्र भाऊंनी परत ठेवली नाही. वर्षश्राद्ध झालं तरी रोज सकाळी ओठ घोटून साफ. पारावर लोक टोचत, "भाऊ, आता ठेवा हो. किती दिवस सुतक?" बाजारात जुनी ओळखीची माणसं भेटली की चेहरा पाडून विचारत, "कोन गेलं?"

"बाप."

"अरे रे. कधी?"

"मागल्या साली."

समोरचा गोंधळून मिशीच्या जागेकडे पाहत राही. भाऊ खुलासा करत नसत. मशीनचं, दाबाचं, सेंटीमीटरचं कुठे सांगत बसणार?

तोवर माझं लग्न झालं होतं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर मी किल्ली घेऊन आलो. तिच्यावर थोडा गंज चढला होता. भाऊंनी ती धोतराच्या सोग्याला पुसली. मोटारसायकल आदल्या दिवशीच धुऊन ठेवलेली होती, म्हणजे मी आणणार हे मायनं त्यांना सांगितलं असणार. सकाळची वेळ होती. ते गाडीवर बसले, पण किक मारली नाही.

"सूनबाई सांगे, तू भी घोरतो म्हने."

"थोडंसं."

"मधी थांबतो का?"

"ते तिनं सांगितलं नाही."

"विचार तिले. तिले माहीत राहीन." त्यांनी किल्ली फिरवली. "अन थांबत असशील तं माही वाट पाहू नको."

माझा हात मिशीकडे गेला. भाऊंनी माझ्याकडे न पाहता आपल्या कोऱ्या ओठावरून अंगठा फिरवला.

"ही काढून टाक. मी जित्ता असलो तरी. हे माह्या तोंडानं सांगतो हाये, मंग कोनाले विचारू नको."

किक मारली. पहिल्या दोन किका फुकट गेल्या, तिसऱ्याला इंजिन लागलं. माय दारातून ओरडली, "डोये उघडे ठेवा!"

"उघडेच हायेत वं," ते म्हणाले आणि गेले.

माय दाराची चौकट धरून उभी राहिली. आवाज गल्लीतून बाहेर पडला, मोठ्या रस्त्याला लागला, वळणापाशी बारीक झाला. तिनं चौकटीवरचा हात आवळला. वळणापलीकडे आवाज पुन्हा वाढला, तेव्हा ती आत गेली.